शहराची जमीन, शहराचं हवामान

ढगांना आज जगभर ज्या नावांनी ओळखलं जातं, त्यांतली क्युम्युलस, स्ट्रेटस, सिरस ही नावं ल्यूक हॉवर्ड या इंग्रज माणसानं दिली. पोटापाण्यासाठी तो औषधं आणि रसायनं बनवायचा, पण त्याचं मन आभाळात रमलेलं असायचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनजवळ राहून तो तापमान, वारा आणि पाऊस यांच्या नेमानं नोंदी ठेवत होता. शहरातली आणि बाहेरच्या मोकळ्या मुलखातली तापमानं त्यानं शेजारी शेजारी मांडली, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे दिसली. रात्री लंडन भोवतालच्या गावांपेक्षा सतत उबदार असायचं. १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या हवामानावरच्या ग्रंथात त्यानं हे निरीक्षण नोंदवलं आणि त्याची कारणंही शोधली. घराघरांतली आग, दाटीवाटीच्या भिंतींत अडकून राहणारी उष्णता, अडणारा वारा आणि वाफ होऊन जायला जमिनीत न उरलेला ओलावा, ही ती कारणं.

वातावरणातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी किती तापेल याचं गणित स्वीडनच्या स्वान्ते आऱ्हेनियस यांनी मांडलं ते १८९६ मध्ये. त्याआधी पाऊणशे वर्षं हॉवर्डला कळलं होतं की शहर स्वतःचं हवामान स्वतः घडवतं. आज या दोन्ही गोष्टी एकमेकींवर चढल्या आहेत. पृथ्वी तापते आहे आणि शहर त्या तापात स्वतःची भर घालतं आहे.

या प्रकरणाचं म्हणणं थोडक्यात असं: शहर किती तापणार, किती तुंबणार आणि त्याचा त्रास कुणाला होणार हे बरंचसं शहर आपल्या जमिनीचं काय करतं यावर ठरतं. जागतिक तापमानवाढ एका महापालिकेच्या हातात नाही. जमीन मात्र तिच्या हातात आहे.

डांबर, काँक्रीट आणि रात्रीचा उकाडा

ओल्या मातीवर किंवा झाडावर ऊन पडलं की त्यातली बरीचशी ऊर्जा पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. एक लिटर पाणी शून्य अंशापासून उकळेपर्यंत तापवायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या पाचपटीहून जास्त ऊर्जा त्याच पाण्याची वाफ करायला लागते. मोठं झाड दिवसाला शंभर लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी पानांवाटे हवेत सोडू शकतं. मातीच्या माठातलं पाणी गार राहतं ते याच नियमानं: पाझरलेलं पाणी वाफ होताना माठाची उष्णता सोबत घेऊन जातं. झाडं, तळी आणि उघडी माती शहरासाठी हेच काम फुकट करत असतात.

त्यांच्या जागी डांबर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक आले की हे काम थांबतं. आलेली बहुतेक ऊर्जा मग पृष्ठभाग तापवण्यात जाते. काँक्रीट ती दिवसभर पोटात साठवतं आणि सूर्य मावळल्यावर सावकाश बाहेर सोडतं. उंच इमारतींमधल्या अरुंद गल्ल्यांतून ही उष्णता आभाळाकडे सहज निसटत नाही, भिंतीभिंतींमध्येच फिरत राहते. त्यात वाहनांच्या इंजिनांची आणि वातानुकूलन यंत्रांची उष्णता मिसळते. एसी खोलीतली उष्णता नाहीशी करत नाही, ती उचलून बाहेर टाकतो आणि यंत्र चालवताना तयार झालेली उष्णताही तिच्यात घालतो. म्हणजे एका घराचा गारवा शेजारच्या गल्लीच्या उकाड्यात भर घालतो.

याचा सर्वांत वाईट परिणाम रात्री होतो. दिवसभर उन्हात राबलेल्या शरीराला सावरण्यासाठी रात्रीचा गारवा लागतो. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात उष्णतेची लाट आली, तेव्हा रात्रीसुद्धा विटांच्या इमारती थंड झाल्या नाहीत. ७०० हून अधिक माणसं दगावली. त्यांतली बरीचशी वयस्कर, गरीब आणि एकटी राहणारी होती. युरोपात २००३ च्या उन्हाळ्यातल्या बळींची संख्या ७० हजारांच्या घरात गेली. श्रीमंत, सुसज्ज देशांची ही स्थिती झाली.

आपल्या किनारपट्टीवर आणखी एक अडचण आहे. शरीर थंड राहतं ते घाम सुकल्यामुळे. हवेत दमटपणा जास्त असला की घाम नीट सुकत नाही. म्हणून मुंबई-ठाण्याचे ३८ अंश विदर्भातल्या ४३ अंशांइतकेच जिवावर बेतू शकतात. भारतीय हवामान विभागही उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागासाठी ४० आणि किनारपट्टीसाठी ३७ अंशांची वेगळी मर्यादा धरतो ती याचसाठी. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर दुपारच्या उन्हात झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघातानं १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी जवळच्या केंद्रावरचं तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. केवळ थर्मामीटरचा आकडा पाहून धोका कळत नाही, हे या घटनेनं महाराष्ट्राला शिकवायला हवं.

दिवा इथे, धूर तिथे

आता दुसरी बाजू. शहरं हवामानबदलाला किती हातभार लावतात?

आंतरसरकारी हवामानबदल समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, सहाव्या अहवालानं २०२० सालासाठी हा वाटा जगाच्या एकूण हरितगृह वायूंच्या ६७ ते ७२ टक्के धरला आहे. शहरात प्रत्यक्ष निघणारा धूर तर यात आहेच. शहरातल्या माणसांसाठी दुसरीकडे तयार होणारी वीज, सिमेंट, पोलाद आणि अन्न यांचा हिशेबही त्यात धरलेला आहे. हिशेबाची ही पद्धत महत्त्वाची आहे, कारण शहराचा बराचसा धूर शहरात दिसतच नाही. डहाणूच्या औष्णिक केंद्रातून १९९५ पासून मुंबईच्या उपनगरांना वीज येते. राज्याच्या ग्रीडला चंद्रपूर आणि कोराडीच्या केंद्रांत जळणारा कोळसा पोसतो. दिवा शहरात लागतो, राख आणि धूर तिथल्या गावांच्या वाट्याला येतात. चंद्रपूर तर आधीच देशातल्या सर्वाधिक तापणाऱ्या ठिकाणांपैकी एक आहे.

मुंबई महापालिकेनं मार्च २०२२ मध्ये आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला, त्यात शहराच्या उत्सर्जनाची मोजदाद आहे. २०१९ मध्ये मुंबईनं सुमारे २.३४ कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतके हरितगृह वायू सोडले. यांतले सात दशांशांहून अधिक इमारतींतल्या आणि उद्योगांतल्या ऊर्जेचे, मुख्यतः विजेचे होते. सुमारे पाचवा हिस्सा वाहतुकीचा आणि उरलेला कचऱ्याचा. भारतानं निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० साल ठरवलं आहे, मुंबईनं २०५०.

वाहतुकीचा वाटा त्यामानानं कमी राहिला याचं मोठं श्रेय लोकल गाड्यांना, बेस्टला आणि पायी चालणाऱ्यांना जातं. दाट वस्तीचं शहर हे हवामानाच्या दृष्टीनं वाईटच असतं, हा समज खरा नाही. अमेरिकेतलं अटलांटा आणि स्पेनमधलं बार्सिलोना यांची तुलना नगररचनेच्या अभ्यासात नेहमी केली जाते. १९९० च्या दशकात दोन्हींची लोकसंख्या जवळपास सारखी होती, पण अटलांटा बार्सिलोनाच्या पंचवीसपटीहून अधिक जागेवर पसरलेलं होतं. परिणामी अटलांटातल्या माणसामागे वाहतुकीचं उत्सर्जन जवळपास दहापट होतं. घर, शाळा, बाजार आणि काम जवळ असलं की पाय आणि बस पुरतात. ती लांब गेली की प्रत्येक कामाला गाडी काढावी लागते. रस्ता रुंद करण्यासाठी पदपथ कापणारं शहर पुढच्या पन्नास वर्षांचं उत्सर्जन आजच नक्की करून टाकत असतं.

बांधकामाचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. सिमेंट बनवताना चुनखडी सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते. भट्टीच्या इंधनाचा धूर असतोच, पण त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड खुद्द चुनखडीच्या विघटनातून बाहेर पडतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी हा भाग उरतोच. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात ते आठ टक्के एकट्या सिमेंटमधून येतो. चाळीस वर्षांची धडधाकट इमारत केवळ वाढीव चटईक्षेत्रासाठी पाडली जाते, तेव्हा तिच्यात आधीच खर्च झालेला कार्बन राडारोड्यात जातो आणि नव्या इमारतीसाठी तितकाच किंवा अधिक पुन्हा हवेत सोडला जातो. पुनर्विकासाच्या परवानगीच्या कागदांवर या हिशेबासाठी एक रकाना असायला हवा.

आणि कचरा. ओला कचरा डोंगरासारखा रचला की आतल्या थरांत हवा पोचत नाही, तिथे तो कुजून मिथेन तयार होतो. वीस वर्षांच्या काळात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे ऐंशीपट उष्णता अडवतो. मुंबईचा देवनार कचरा डेपो १९२७ पासून वापरात आहे. जानेवारी २०१६ मध्ये त्याला लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत राहिली आणि धुराचे लोट उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसले. याला उपाय आहे आणि तो भारतातच सिद्ध झाला आहे. इंदूरनं घरातच ओला-सुका कचरा वेगळा करण्याची सवय लावली. तिथे फेब्रुवारी २०२२ मध्ये दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा प्रकल्प सुरू झाला. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली. तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेनं २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचं काम हाती घेतलं. या कचरावेचक बायकांच्या हातांनी वेगळं झालेलं प्लास्टिक, कागद आणि धातू पुन्हा वापरात जातात. त्यांचा हवामानरक्षक म्हणून कुणी सत्कार करत नाही, पण त्या नेमकं तेच काम करतात.

अहमदाबादनं घेतलेला धडा

मे २०१० मध्ये अहमदाबादचं तापमान ४६.८ अंशांवर गेलं. त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. यांतल्या फारच थोड्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर उष्माघात हे कारण नोंदलं गेलं. उष्णता अशीच मारते. हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार, दमा या नावांखाली तिचे बळी नोंदले जातात, आणि मोजलेच जात नाहीत म्हणून त्यांच्यासाठी काही केलंही जात नाही.

अहमदाबाद महापालिकेनं गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या आणि इतर अभ्यासकांच्या मदतीनं २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा लागू केला. दक्षिण आशियातला हा पहिला. त्यात फारशी महागडी गोष्ट एकही नव्हती. पुढच्या काही दिवसांचा अंदाज हाती ठेवायचा. तापमान ४५ अंशांवर जाणार असेल तर रेड अलर्ट द्यायचा. एक अधिकारी जबाबदार धरायचा आणि त्याच्या एका निरोपावर दवाखाने, रुग्णवाहिका, पाणीपुरवठा, बागा आणि कामगार खातं हलायला हवं अशी व्यवस्था लावायची. बागा दुपारी बंद न करता उघड्या ठेवायच्या. पाणपोया वाढवायच्या. बांधकामाच्या कामाच्या वेळा दुपारच्या उन्हातून हलवायच्या. दवाखान्यांत बर्फाच्या पिशव्या आणि सलाईन तयार ठेवायचं.

एका महापालिका रुग्णालयातला बदल तर सांगण्यासारखा आहे. तिथला प्रसूती विभाग सर्वांत वरच्या मजल्यावर, थेट तापलेल्या गच्चीखाली होता. तो खालच्या मजल्यावर आणला. उन्हामुळे अतिदक्षता विभागात दाखल होणाऱ्या नवजात बाळांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. यासाठी कुठलं नवं यंत्र लागलं नाही. मजला बदलावा लागला आणि तो बदलण्याचं सुचावं लागलं.

पुढे २०१७ पासून गरीब वस्त्यांमध्ये छतांना पांढरा चुना किंवा परावर्तक रंग लावण्याची मोहीम सुरू झाली. पांढरं छत ऊन परत फेकतं आणि आतलं तापमान दोन ते पाच अंशांपर्यंत उतरू शकतं. पत्र्याच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या बाईसाठी हे दोन-पाच अंश म्हणजे दिवसाची मजुरी मिळणं आणि बुडणं यातला फरक असतो. अहमदाबादच्या आराखड्यामुळे वर्षाला हजाराहून अधिक मृत्यू टळत असल्याचा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. त्याच धर्तीवर नागपूरनंही २०१६ मध्ये उष्णता आराखडा आखला आणि आता देशातल्या अनेक शहरांकडे तो आहे. आराखडा कागदावर असणं मात्र पुरेसं नाही. त्यासाठी अर्थसंकल्पात वेगळी तरतूद आहे का आणि त्याचा जबाबदार अधिकारी कोण, हे दोन प्रश्न प्रत्येक नगरसेवकाला विचारायला हवेत.

निम्मं पाणी जमीन पिईल, असं धरलं होतं

हवा एक अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणून तापत्या जगात पाऊस पडतो तेव्हा एकदम कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात, पश्चिम किनाऱ्यापासून पूर्वेपर्यंतच्या पट्ट्यात, मोठ्या भूभागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. अरबी समुद्र तापल्यानं तिकडून येणारं बाष्प वाढलं, हे त्यामागचं मुख्य कारण त्यांनी दिलं.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच वेळी कुलाब्याला शंभर मिलिमीटरही पडला नव्हता. महाराष्ट्रात त्या दिवसांत हजारावर माणसं मेली. त्या दिवसाच्या आठवणी बहुतेकांनी ऐकल्या आहेत. इथे गटारांचं गणित पाहू.

मुंबईच्या पर्जन्यजल वाहिन्यांचा मूळ सांगाडा ब्रिटिशकालीन. तो ओहोटीच्या वेळी ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेला होता. त्या वेगानं ९४४ मिलिमीटर पाणी वाहून जायला जवळपास ३८ तास लागले असते, तेही पाऊस एकसारखा पडला असता आणि भरती आलीच नसती तर. प्रत्यक्षात बहुतेक पाऊस दुपार ते रात्र एवढ्या वेळात पडला आणि त्याच दुपारी समुद्राला साडेचार मीटरच्या जवळची भरती होती. शहरातली बहुतेक पातमुखं, म्हणजे वाहिन्यांची समुद्राकडची तोंडं, भरतीच्या पातळीखाली आहेत. भरती आली की पाणी समुद्रात जाण्याऐवजी समुद्राचंच पाणी आत येऊ पाहतं.

पण या जुन्या आराखड्यात त्याहून महत्त्वाचं एक गृहीतक दडलेलं आहे. पडलेल्या पावसातलं निम्मं पाणी जमिनीत जिरेल आणि निम्मंच गटारात येईल, असं अभियंत्यांनी धरलं होतं. तेव्हाच्या मुंबईत ते खरंही होतं. वाड्या होत्या, बागा होत्या, खाजणं आणि मिठागरं होती, अंगणं मातीची होती. याच वाहिन्यांवरच्या १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालानं हे गृहीतक सोडून दिलं. आता जवळपास सगळंच पाणी गटारात येतं असं धरून, वाहिन्यांची क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची शिफारस त्यानं केली. शहराची जमीन पाणी प्यायची थांबली आहे, याची ही सरकारी नोंद होय. त्यानंतर बारा वर्षांनी २६ जुलै उजाडला, तेव्हा त्या अहवालातलं काम बहुतांशी व्हायचंच होतं.

मिठी नदीची कहाणी याच गणितातली. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांतून निघणारी ही सुमारे १८ किलोमीटरची नदी माहीमच्या खाडीला मिळते. तिच्यावर विमानतळाचा विस्तार आला, तिच्या काठच्या खाजणांवर आणि तिवरांवर भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं, काठावर कारखाने आणि वस्त्या आल्या, कचरा आणि राडारोडा तिच्यात गेला. पुरानंतर नेमलेल्या माधवराव चितळे समितीनं मार्च २००६ मध्ये अहवाल दिला आणि या साऱ्याकडे बोट दाखवलं. नदीला नाला मानलं की तिचं पूरक्षेत्र ही मोकळी जागा वाटू लागते. ती मोकळी नसते. वर्षातले काही दिवस ती पाण्यासाठी राखलेली असते.

त्यानंतर मुंबईत काम झालं. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, इर्ला, ब्रिटानिया, गझधरबंध इथे उदंचन केंद्रं उभी राहिली. हिंदमाता भागात तुंबणारं पाणी साठवायला दादर आणि परळच्या मैदानांखाली टाक्या बांधल्या गेल्या. तिवरांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्येच त्यांच्या तोडीवर आणि त्यांच्यावरच्या भरावावर बंदी आणली आणि २०१२ मध्ये राज्यानं स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापला. तिवरं लाटांचा जोर मोडतात, गाळ धरतात आणि चिखलात मोठ्या प्रमाणावर कार्बन साठवतात. समुद्राची पातळी वाढत असताना किनाऱ्यावरच्या शहराला याहून स्वस्त संरक्षण मिळणार नाही. पंप पाणी उचलतात, पण जमीन जिरवेल तेवढं पाणी उचलण्याची कुठल्याही पंपाची ताकद नाही.

पाण्याला जागा देणारी शहरं

२ जुलै २०११ रोजी डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनवर दोन-तीन तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला. तळघरं, रस्ते, रुग्णालयं पाण्याखाली गेली. २०१२ मध्ये शहरानं ढगफुटीचा आराखडा केला. केवळ मोठे पाईप टाकण्यापेक्षा काही पाणी जमिनीवरच थांबवणं आणि जिरवणं स्वस्त पडतं, असा त्यामागचा हिशेब होता. मग सुमारे तीनशे कामं आखली गेली. काही रस्ते पावसात पाणी वाहून नेतील अशा उतारानं बांधले जात आहेत. जुनी एंगहावे बाग २०१९ मध्ये नव्या रूपात उघडली. एरवी तिथे मुलं खेळतात, आणि ढगफुटी झाली तर ती बाग सव्वादोन कोटी लिटरहून अधिक पाणी धरू शकते.

हे युरोपला परवडतं, आपल्याला कसं परवडणार, असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर कोलकात्यात आहे. शहराच्या पूर्वेला सुमारे साडेबारा हजार हेक्टरांची पाणथळ जमीन आहे. कोलकात्याचं सांडपाणी कालव्यांनी तिथल्या उथळ तळ्यांमध्ये, म्हणजे भेड्यांमध्ये जातं. उन्हात शेवाळ वाढतं, सूक्ष्मजीव घाण पचवतात, मासे शेवाळावर पोसतात आणि निवळलेल्या पाण्यावर भाजीपाला पिकतो. शहराला मासळी आणि भाजी मिळते, सांडपाणी शुद्ध करण्याचा प्रचंड खर्च आणि वीज वाचते, आणि पावसाळ्यात जादा पाण्याला उतरायला जागा मिळते. ही व्यवस्था तिथल्या मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवली. ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्यानं ती समजून घेतली, तिचे नकाशे केले आणि ती वाचवण्यासाठी आयुष्य वेचलं. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं या जमिनीचा वापर बदलायला मनाई केली. २००२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

याची उलट बाजू चेन्नईनं पाहिली आहे. पल्लीकरणईची दलदल एकेकाळी दक्षिण चेन्नईचं पावसाचं पाणी पोटात घ्यायची. कचरा डेपो, रस्ते आणि इमारती यांनी तिचा बहुतांश भाग गिळला. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई बुडाली आणि २०१९ च्या उन्हाळ्यात त्याच शहराचे मुख्य जलाशय कोरडे पडले. पूर आणि टंचाई यांचं मूळ एकच होतं. पाणी थांबायला जागाच उरली नव्हती.

झाडांची गोष्ट वेगळी नाही. कोलंबियातल्या मेडेयीन शहरानं २०१६ नंतर रस्ते आणि नाल्यांच्या कडेनं तीसेक हिरवे पट्टे तयार केले, तिथल्या गरीब वस्त्यांतल्या तरुणांना माळीकाम शिकवून त्यांच्याकडे देखभाल सोपवली. त्या पट्ट्यांतलं तापमान सुमारे दोन अंशांनी उतरलं. सेऊल शहरानं तर उड्डाणरस्ता पाडून त्याखाली गाडलेला चोंगेचोन ओढा २००५ मध्ये पुन्हा वाहता केला. ओढ्याकाठी उन्हाळ्यात जवळच्या समांतर रस्त्यापेक्षा तीन ते सहा अंशांनी गारवा असतो. आपल्याकडे मात्र झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं जातं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटर त्रिज्येतलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. प्रत्येक झाडाला आळं मिळावं ही मागणी मामुली वाटते, पण त्या आळ्यातून पाणी जमिनीत उतरतं, झाड जगतं आणि सावली टिकते.

बोजा कुणावर

उकाडा आणि पूर सर्वांना सारखे भेटत नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईतले सुमारे ४० टक्के लोक झोपडपट्टीत राहतात. पत्र्याचं छत, एकच दार, समोरची अरुंद बोळ आणि नाल्याकाठची किंवा डोंगरउताराची जागा. ऊन तिथेच अधिक, पाणी तिथेच आधी आणि दरडही तिथेच कोसळते. रस्ता झाडणारे, विटा वाहणारे, भाजी विकणारे, घरोघरी पार्सल पोचवणारे लोक सावलीत थांबले तर त्यांचा रोज बुडतो. ‘सेवा’ या स्त्री-कामगारांच्या संघटनेनं २०२३ मध्ये गुजरातमधल्या आपल्या सदस्यांसाठी उष्णतेचा विमा सुरू केला. तापमान ठरावीक मर्यादेपुढे गेलं की बुडालेल्या मजुरीपोटी पैसे मिळावेत, अशी त्याची रचना आहे.

हे सारे लोक शहरात सर्वांत कमी वीज वापरतात, पायी किंवा लोकलनं फिरतात, भंगार पुन्हा वापरात आणतात. ज्यांचा हवामानबदलातला वाटा सर्वांत कमी, तेच त्याची किंमत आधी आणि जास्त मोजतात. म्हणून शहराच्या हवामान आराखड्याची कसोटी एकच: उन्हात काम करणाऱ्या आणि पत्र्याखाली झोपणाऱ्या माणसाचं आयुष्य त्यानं सुसह्य होतं का? नदीकाठी लॉन आणि जॉगिंग ट्रॅक करून ती कसोटी पार होत नाही.

आराखडा वाचायला हवा

शहराच्या भविष्याचा सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे विकास आराखडा. कुठल्या जमिनीवर बाग, कुठे रस्ता, कुठला नाला वळवायचा, कुठल्या मिठागरावर घरं, किती चटईक्षेत्र, हे सारं त्यात ठरतं. महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार आराखड्याचा मसुदा लोकांपुढे ठेवावा लागतो आणि नागरिकांना ठरावीक मुदतीत हरकती-सूचना देता येतात. बहुतेकांना हे मुदत संपल्यावरच कळतं.

लोकांनी ठरवलं तर काय होतं, याचं उदाहरणही इथलंच आहे. २०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा आला, तेव्हा त्यातल्या चुका दाखवणाऱ्या हजारो हरकती आल्या. रहिवासी, वास्तुरचनाकार, कोळीवाड्यांतले लोक, संस्था सगळे बोलले. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारनं तो मसुदा मागे घेऊन नव्यानं तयार करायला लावला.

म्हणून हे प्रकरण वाचून झालं की एक काम करा. आपल्या शहराचा विकास आराखडा महापालिकेच्या संकेतस्थळावरून किंवा नगररचना विभागातून मिळवा. त्यात आपल्या प्रभागातला ओढा, तळं, मैदान आणि मोकळी माती शोधा. कागदावरचं आरक्षण आणि जागेवरची स्थिती जुळते का ते पाहा. जुळत नसेल तर लेखी विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आपल्या शहराची पुढची पन्नास वर्षं त्या नकाशावर आखली जात आहेत, आणि हरकत घेण्याचा हक्क कायद्यानं आपल्याला दिला आहे. तो वापरा.